कोठीच्या खोलीतलं यंत्र

सँट्री, डब्लिन
रविवार, १ मार्च २०२६

ती. बाबांना नमस्कार.

पत्र लिहायची सवय मोडली आहे. साष्टांग नमस्कार कुठे तोडून लिहायचा हेही विसरले, तेव्हा तेवढं तुम्हीच लाल पेनाने दुरुस्त करून घ्या. फोन करता आला असता. पण आपल्या फोनचं काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. "जेवलीस का?" "हो." "थंडी आहे का?" "आहे." मग दोघंही फोन कोण आधी ठेवतो याची वाट बघत बसतो.

मी बरी आहे. फ्लॅट तोच. खिडकीतून विमानं उतरताना दिसतात, आता आवाजाचं काही वाटत नाही. शनिवार-रविवारी ऑफिस नसलं की कधी कधी दोन दिवस तोंडातून शब्द निघत नाही. मग खाली दुकानात जाते आणि मशिनवर बिल न करता काउंटरवरच्या बाईच्या रांगेत उभी राहते. ती रोज एकच विचारते, "हाउ आर यू, लव्ह?" मी म्हणते, "ग्रँड," म्हणजे मजेत. तेवढ्यावर सोमवार गाठते.

बातमी अशी की आमचा शोधनिबंध स्वीकारला गेला. चार वर्षांचं काम मार्गी लागलं. तुम्ही शेजाऱ्यांना सांगाल म्हणून पुन्हा एकदा नीट सांगते, कारण मागच्या वेळी तुम्ही निशिगंधाकाकूंना "मुक्ता भूकंप आधी ओळखते" असं सांगून ठेवलं होतंत. मी काहीही आधी ओळखत नाही. दूर कुठेतरी, जावा-सुमात्राकडे मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून जातात. आपल्या आजऱ्याच्या काळ्या दगडाखाली तीन अब्ज वर्षं जुना खंड आहे. अशा जुन्या खंडांना खाली मूळ असतं, दोनशे किलोमीटर खोल, आजूबाजूपेक्षा थंड आणि टणक. त्यातून जाणारी लाट ठरल्या वेळेच्या दीड-दोन सेकंद आधी पोचते. त्या दोन सेकंदांवर माझी नोकरी आहे. आईला हे एका वाक्यात कळलं होतं. "म्हंजे नारळ वाजवून बघत्यात तसं," म्हणाली होती.

आता कामाचं. प्रकल्प संपतोय, तेव्हा कोठीच्या खोलीतलं ह्या लाटा टिपणारं यंत्र काढायचं आहे. २० मेच्या सुमाराला कोल्हापूरहून आमचा माणूस येईल. सोबतच्या कागदावर फुली केली आहे तिथे सही करून परत पाठवा, खरी सही लागते. यंत्राखाली सिमेंटचा चौथरा आहे तो तसाच राहू दिला तरी चालेल, त्यावर तांदळाचा डबा बसेल.

दुसरं एक. निबंधाच्या शेवटी आभार मानायचे असतात. ज्यांच्या घरात यंत्रं ठेवली त्यांची नावं येतात. आपल्या घराचं वाक्य फर्गलने लिहिलं आहे. फर्गल माझा वरिष्ठ, गॉलवेकडचा, मनाने चांगला माणूस. त्याने लिहिलं आहे की आजऱ्याच्या कुटुंबाने यंत्राभोवती कमालीची शांतता राखली म्हणून त्यांचे विशेष आभार. ते वाक्य मला नको आहे. कारण पत्रात लिहिण्यासारखं नाही. नुसतं "नंदकुमार आणि वृंदा देसाई" एवढंच लिहिलं तर चालेल ना, ते कळवा. कैलासवासी लिहायची इथे पद्धत नाही.

बाकी काही नाही. गोळ्या घेत जा.

मुक्ता

*

आजरा
शनिवार, २१ मार्च २०२६

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी मिळालं. लाल पेन काढलं होतं, पण चुका दोनच निघाल्या. बरंच लक्षात आहे म्हणायचं तुझ्या.

गुढी उभारली. एकट्याने उभारताना काठी दोनदा कलली, तेव्हा निशिगंधाबाईंनी धरली. पुरणपोळी त्यांच्याकडचीच खाल्ली. शोधनिबंधाची बातमी सर्वांना सांगितली. भूकंप ओळखत नाही हेही सांगितलं. लोकांचा हिरमोड झाला.

सही केलेला कागद सोबत पाठवत नाही. कारण खाली लिहितो.

मुक्ता, तू तेराव्याला सगळ्यांसमोर मला म्हणालीस की तुम्ही माझी आई माझ्यापासून लपवलीत. चौदा महिने झाले. मी त्यावर उत्तर दिलं नाही, कारण ते खरंच होतं. दिवाळी झाल्या झाल्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, फार दिवस नाहीत. वृंदाने माझ्याकडून शपथ घेतली. "पोरीला सांगू नकासा, तिचं काम शेवटाला आलंय, ती टाकून येईल." आपल्याकडे सगळे असंच करतात, परगावच्या पोरांना त्रास नको म्हणून. मी शाळेत पस्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि घरी अकरा आठवडे दर रविवारी तुझ्याशी खोटं बोललो. व्हिडिओच्या आधी तिला चांगलं पातळ नेसवून खुर्चीत बसवायचो. मागे उशी. तू म्हणायचीस, आई बारीक झालीस, छान दिसतेस. ती हसायची. तिने शपथ घातली हे खरं, पण मी ती मोडू शकत होतो. मोडली नाही. त्याबद्दल तुझी माफी मागतो. बापाने मुलीची माफी मागायची रीत नाही, पण ती कुठेतरी सुरू व्हायला हवी.

आता एक सांगायचं राहिलं आहे. डिसेंबरात तुझा मोबाइलवर निरोप आला होता. "बाबा, घरातला आवाज एकदम कमी झालाय, डेटा फार स्वच्छ येतोय, आईला थँक्यू सांगा." मी तो तिला वाचून दाखवला. तिला कोण आनंद! म्हणाली, "बघा, पडून पडून बी पोरीच्या उपयोगाला आले की." तेव्हापासून तिने मला घरात चपला घालू दिल्या नाहीत. मिक्सर बंद. रेडिओ परसदारी. भांडं हातातून पडलं तर अंथरुणातून रागवायची, "हळू वो, ती तिकडं ऐकतीया."

तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तिचे ते दिवस त्यामुळे सोपे गेले, म्हणून लिहितो. मला अजून घरात पाय जपून टाकायची सवय आहे. रेडिओ अजून परसातच आहे.

आता माझा प्रश्न. ती म्हणायची, मुक्ताच्या मशिनीत आपलं चालणं उमटतं. मला ते खरं वाटलं नव्हतं. उमटतं का? उमटत असेल तर तिचं चालणं तुमच्याकडे कुठे ठेवलेलं आहे, की तुम्ही ते पुसून टाकता? हे मला समजून घ्यायचं आहे.

म्हणून सही नाही. यंत्र न्यायला माणूस पाठवू नकोस. न्यायचं तर तू ये. नाहीतर राहू दे ते तिथेच, तांदळाला दुसरी जागा आहे.

थोडे घनसाळ तांदूळ पाठवतो आहे. पाणी बेताचं घाल.

तुझा,
बाबा

*

सँट्री, डब्लिन
रविवार, १२ एप्रिल २०२६

प्रिय बाबा,

तांदूळ मिळाले. पाणी जास्त झालं, खीर झाली, तरी खाल्ली. सगळ्या जिन्यात वास गेला. समोरच्या दारातली मेरी म्हणून म्हातारी आहे, तिने दार उघडून विचारलं, "व्हॉट आर यू कुकिंग, पेट, इट स्मेल्स लाइक अ बेकरी." तिला वाटीभर भात दिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या घरात पाऊल टाकलं.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. त्यानंतर हे माझं चौथं पत्र. आधीची तीन फाडली. त्यांत हवामान फार होतं.

बाबा, माफी तुम्ही मागायची नाही. मी मागायची आहे. तेराव्याला मी जे बोलले ते अर्धं खोटं होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. तुम्ही आईचं आजारपण माझ्यापासून लपवलंत, पण ते मला दिसत होतं. रोज. अकरा आठवडे माझ्या टेबलावर होतं.

सुरुवातीपासून सांगते. यंत्र आपल्या घरी ठेवायची काही गरज नव्हती. गावाबाहेर देवराईजवळ जागा चांगली होती. फर्गल म्हणाला होता, "मुक्ता, दॅट्स युअर मॅम्ज किचन बिहाइंड द वॉल. इट'ल बी मॅड नॉइझी." मी वीज, सुरक्षितता, इंटरनेट असली दहा कारणं दिली. खरं कारण एवढंच की मला घर ऐकायचं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तर हो, चालणं उमटतं. आईचं तर मी झोपेतही ओळखलं असतं. तिची डावी टाच दुखायची, म्हणून एक पाऊल जड आणि एक हलकं. सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावरच्या रेषेत पंधरा-वीस टोचे, टोकदार उंचवटे, एका रांगेत यायचे, तो खलबत्ता, चहाचं आलं. मग मागचं दार. मग तुम्ही, तुमची पावलं सारखी पडतात, कवायतीसारखी. ऑफिसात पोचल्यावर मी मेल उघडायच्या आधी आजरा उघडायची. आलं कुटलंय, म्हणजे सगळं ठीक. आणि सगळं ठीक आहे हे दिसायचं, म्हणून मी रविवारखेरीज फोन करायची नाही. तुम्हाला वाटायचं पोरगी कामात आहे. कामात नव्हते. मला वाटायचं की आपलं आईशी रोज बोलणं होतंच आहे.

आमच्या कामात ह्या सगळ्याला आवाज म्हणतात. माणसं, गाड्या, जनावरं, पंप. लाट बघायच्या आधी ते गाळून टाकायचं. दर महिन्याला संगणक प्रत्येक ठिकाणाला शेरा देतो, तुम्ही प्रगतिपुस्तकावर द्यायचा तसा. आजऱ्याला कायम 'क' मिळायचा. नोव्हेंबरात 'ब' मिळाला. डिसेंबरात 'अ'. फर्गल माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "द किचन्ज गॉन क्वाएट! फेअर प्ले टु युअर मॅम." म्हणजे शाब्बास आईची. आणि मी हसले, बाबा. मला अभिमान वाटला. मला वाटलं मी मागे एकदा सांगितलं होतं ते आईने मनावर घेतलं, आता जपून वावरते. लगेच तुम्हाला तो निरोप पाठवला.

आलं कुटणं थांबलं होतं. जड-हलकी पावलं थांबली होती. ज्या मुलीने तीन वर्षं रोज सकाळी तेच बघितलं, तिला ते थांबलेलं दिसलं आणि तिने शेरा बघितला. तिमोरजवळ समुद्राखाली मोठा भूकंप झाला तो त्याच आठवड्यांत. इतकी नितळ लाट आमच्या चाळीस यंत्रांत कुठेच आली नाही. आजऱ्याच्या खालचं मूळ अजून शाबूत आहे हे त्या एका लाटेवरून ठरलं. निबंधातली पहिली आकृती तीच आहे. मला पहाटे तुमचा फोन आला, आई गेली म्हणून, त्याच्या आदल्या दिवशी मी ती आकृती रंगवत होते.

विमानात मला हे कळलं. कोणी सांगावं लागलं नाही, हिशोब आपोआप जुळला. घरी आले तेव्हा मला कोणावर तरी ओरडायचं होतं, आणि तुम्ही समोर होतात. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत, त्यामुळे मला आणखी सोपं झालं. मग चौदा महिने मी तुमच्यावर रागावलेली राहिले. राग असला की दुसरं काही बघावं लागत नाही.

पाडव्याला किलकेनीला वैदेहीकडे गेले होते. वैदेही तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, मिरजेची, मागे तुमच्याशी एकदा फोनवर बोलली होती ती. तिचे दोघे मुलगे माडीवर धडाधडा पळत होते आणि ती खालून ओरडत होती, "अरे, हळू! दिवा पडेल!" वरून उत्तर आलं, "वुई'र ओन्ली प्लेइंग, मॅमी!" मी तिला म्हणाले, पळू दे गं, ओरडू नकोस. म्हणाले आणि तिच्या स्वयंपाकघरात रडायला लागले. तिने प्रेसमधून, म्हणजे इथल्या कपाटातून, कप काढले, चहा केला. मग मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे मला काय सांगतेस? काकांना सांग." तुमचं पत्र त्यानंतर आलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, पुसत नाही. निबंधासाठी गाळतो, पण मूळ नोंद कधीच फेकत नाही. आई आहे. यंत्र बसवलं त्या दिवसापासूनची सगळी आहे. गेल्या मंगळवारपासून मी उलटं काम करते आहे. भूकंप गाळून टाकते आणि आवाज ठेवते. फर्गलला सांगितलं. तो म्हणाला, "टेक ऑल द टाइम यू वाँट, मुक्ता," आणि आभाराचं ते वाक्य त्याने स्वतःच खोडलं.

एक गोष्ट सापडली, ती तुम्हाला विचारायची आहे. गेल्या वर्षीची संक्रांत. १४ जानेवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. त्याआधी महिनाभर जड-हलकं पाऊल कुठेच नाही. आणि त्या दिवशी आहे. नऊ पावलं. मग थांबली आहे, बराच वेळ. मग आणखी सात. आतल्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत सोळाच होतात, मी लहानपणी मोजलेली आहेत. आणि प्रत्येक पावलामागे लगेच दुसरं पाऊल आहे, अनवाणी, अगदी हलकं. ते तुम्हीच ना? मागून धरलं होतंत ना तिला?

त्यानंतर खलबत्ता आहे. सहा टोचे. वेलदोडे असणार. तिळगुळाचं पार्सल मला फेब्रुवारीत इथे परत आल्यावर मिळालं, ती गेल्यानंतर. डब्यावर तिचं अक्षर होतं. मी ते लाडू खाल्ले नाहीत. मला वाटायचं निशिगंधाकाकूंनी केले असतील आणि नाव तिने घातलं असेल. अजून प्रेसमध्ये वरच्या फळीवर आहेत. काल एक खाल्ला. दगड झाला आहे, पण वेलदोड्याचा वास आहे.

माणूस पाठवणार नाही. मी येते. १६ मेचं तिकीट काढलं आहे, चार आठवड्यांचं. लॅपटॉप आणते. तुम्हाला तीन वर्षं दाखवायची आहेत, रोज थोडी थोडी. कुठला टोचा कशाचा, ते मला सगळं येत नाही. मधे बुधवारी दुपारी काहीतरी असतं, तासभर, जात्यासारखं, ते तुम्हीच सांगू शकाल. यंत्र काढायचं की ठेवायचं ते मग दोघं मिळून ठरवू.

तोवर एक काम करा. रेडिओ परसातून आत आणा. आणि रविवारी, ३ मेला, दुपारी चारच्या चहाला आलं घालायचं असेल तर मिक्सर नको, किसणी नको, आईचा खलबत्ता फळीवरून काढा. इथे साडेअकरा वाजलेले असतील. मी ऑफिसात असेन, रविवार असला तरी. फर्गलने किल्ली दिली आहे.

चांगलं कुटा. आणि घरात चपला घाला, बाबा. पाय आपटत चाला. मी ऐकते आहे.

तुमची,
मुक्ता